गिळल्यानंतरची चव

‘‘तुम्ही खोटं लिहिलंय, डॉक्टर.’’

चाख्या हे भिंतीला सांगत होता. भिंत कारखान्याची होती, तेव्हा ऐकून घेणं तिला भागच होतं. रोज सकाळी सहाला तो घरातून निघायचा आणि बिस्किटांच्या कारखान्याला बाहेरून चार फेऱ्या मारायचा. जवळच बाग होती, सावलीचा रस्ता होता. पण त्याला चालायचं ते इथंच. मागच्या बाजूला भट्ट्यांची धुराडी होती. तिथं पोचलं की लोण्याचा आणि करपत्या साखरेचा वास अंगावर यायचा, तोंडाला पाणी सुटायचं आणि ते पाणी तो भिंतीच्या बुडाशी थुंकायचा. रोज चारदा. व्यायामाचा हा प्रकार त्याला कुणी शिकवला नव्हता.

बावीस वर्षं तो या भिंतीच्या आत चव घेण्याच्या कामावर होता. पाळीला साठ बिस्किटं, शिवाय क्रीम चमच्यानं. नियम असा, की चावायचं, चव कागदावर लिहायची आणि शेजारच्या पिंपात थुंकायचं. पिंप मात्र कायम चकचकीत, कारण ते बाहेर निघायचं फक्त तपासणीवाले आले की. पहिल्याच आठवड्यात बड्या साहेबांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं, की खरी चव गिळल्यानंतर येते. गिऱ्हाईक काय थुंकतं का? चाख्याला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. खोटं कशाला बोला? भट्टीतून आत्ताच निघालेलं, बोटाला चटका देणारं, मधोमध अजून मऊ असलेलं बिस्कीट जिभेवर विरघळायला लागलं, की त्याला वाटायचं, राजाला तरी हे मिळतं का! पाळी सुटली की मोडक्या तुकड्यांचा डबा मांडीवर घेऊन तो सोबत्यांबरोबर हसत बसायचा. घरी लेक त्याच्या शर्टाचा वास घेत झोपायची.

मग साखर आली, रक्तदाब आला, पायाच्या दोन बोटांना मुंग्या आल्या. कंपनीच्या डॉक्टरनं दाखला दिला : ‘आहाराच्या वैयक्तिक सवयींमुळे कामास अपात्र.’ या एका ओळीनं बावीस वर्षांच्या कामगाराचा खादाड करून टाकला. भावकी हसली. लेक हसली नाही. पण सासरी कुणी विचारलं, तर ‘बाबांनी स्वतःच सोडलं’ असं सांगायला लागली. हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून चाख्या सूड म्हणून जेवायला लागला. उकडलेला कोबी, मोड आलेली कडधान्यं, बिनसाखरेचा चहा. बायकोनं आधी कौतुक केलं, मग ती घाबरली. नातवाच्या वाढदिवसाला त्यानं केकचा तुकडा नाकाशी नेला, लोण्याच्या जागी काय घातलंय ते बिनचूक सांगितलं आणि तुकडा होता तसा बशीत ठेवला.

‘‘अहो, लोक तब्येतीसाठी पथ्य करतात,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही दात-ओठ खाऊन करता.’’

‘‘दात-ओठ चालतात. त्यात साखर नसते.’’

दीड वर्षात अठ्ठावीस किलो उतरले. बाहेरच्या डॉक्टरनं तपासण्या पाहून गोळ्या बंद केल्या. ते सगळे कागद आणि तो जुना दाखला पिशवीत घालून, आजच्या चार फेऱ्या झाल्यावर, चाख्या घरी न जाता कारखान्याच्या दवाखान्यासमोर जाऊन बसला. नोकरी त्याला नकोच होती. ती ओळ खोडून हवी होती. त्याचं म्हणणं सरळ होतं : काम सुटलं आणि आजार गेला. मग आजार माझा कसा?

डॉक्टरनं त्याला आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर मात्र तो खुर्चीतून उठला, त्याला वजनकाट्यावर उभं केलं, कागद चाळले आणि मनापासून खूश झाला. टेबलावर पाहुण्यांसाठी ताज्या बिस्किटांची बशी होती. डॉक्टर स्वतःच बोलता बोलता ती संपवत होता. चाख्यानं दाखला पुढं ठेवून ती ओळ खोडायला सांगितली, तेव्हा तो लहान मुलाकडं पाहून हसावं तसा हसला.

‘‘अहो, ती आता कशी खोडू? तुम्हीच तर ती खरी करून दाखवलीत. मनावर घेतलंत आणि जमलं. म्हणजे सवयच होती ना तुमची?’’

दीड वर्षाचा कोबी चाख्याच्या घशाशी आला. भिंतीला रोज म्हणून दाखवलेलं भाषण त्याला आठवेना. समोर फक्त बशी दिसत होती.

त्यानं एक बिस्कीट उचललं. चाख्यानं ते कानाजवळ धरून मोडलं, मोडल्या कडेचा वास घेतला आणि अर्धं तोंडात टाकलं. डोळे मिटून सावकाश चावलं, बावीस वर्षं चावलं तसंच. जिभेनं चव लगेच ओळखली. तिनं काही मनात ठेवलं नव्हतं. गळ्याची घाटी वर आली आणि तिथंच थांबली. मग त्यानं खिशातला रुमाल काढला, त्यात घास थुंकला, रुमालाची चारी टोकं नीट जुळवली आणि ते गाठोडं दाखल्यावर ठेवलं.

‘‘भट्टीत दोन मिनिटं जास्त राहिलंय,’’ तो म्हणाला. ‘‘लोणी कमी केलंय आणि ते झाकायला मीठ वाढवलंय. इथवर चावून कळतं. पुढची चव गिळल्याशिवाय कळत नाही, हे मला या कंपनीनं शिकवलं.’’

डॉक्टरचा हात बशीवर तसाच अधांतरी राहिला होता. चाख्यानं टेबलावरचं पेन उचलून त्या हातात दिलं. उरलेलं अर्धं बिस्कीट आपल्या ओठांपाशी धरलं.

‘‘हे गिळू की थुंकू, डॉक्टर? त्या वेळी साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. आज लिहून द्या.’’