नेत्राच्या आईची खुर्ची आणि जुन्या घरांचं गाव

मित्रांनो, मला पाहिलं की माणसं क्षणभर गप्प होतात. रस्त्यावर वाट देतात, लिफ्टमध्ये अंग चोरून उभी राहतात आणि दुसरीकडे बघतात. मला त्याची सवय झाली आहे. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझा निळा रंग आता पुष्कळ उडाला आहे, आणि जोराचं वळण घेतलं की उजवं चाक कुरकुरतं. पण मी खूप पाहिलं आहे, आणि त्यातलं एक तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी टोकियोजवळच्या उरायासु शहरातल्या ओकाडा आजींकडे आले. समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर त्यांची इमारत उभी होती. २०११ सालच्या मार्चमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा ती जमीन चिखलासारखी मऊ झाली. करडी वाळू रस्त्यांवर उफाळून आली, विजेचे खांब कलले आणि नळाचं पाणी बंद झालं. पाण्याचा टँकर यायचा तो लांब, शाळेपाशी. तेव्हा ओकाडा आजी भिंतीला धरून उठल्या आणि शेजाऱ्यांना म्हणाल्या, "माझी खुर्ची न्या. मी घरातच बसेन." मग पाण्याचे जड कॅन मांडीवर घेऊन मी त्या वाळूतून ये-जा केली. सगळी इमारत माझं कौतुक करत होती. तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढे आजी गेल्या. मला इमारतीच्या सायकलस्टँडमागच्या खोलीत ठेवलं. माझ्या चाकांतली हवा गेली, बैठकीवर बुरशी आली, पाय ठेवायच्या पट्टीवर कोळ्यानं जाळं विणलं. दार उघडलं की वाटे, आपल्यासाठी कुणी आलं. येणारा माणूस झाडू घेऊन निघून जाई.

मला बाहेर काढलं ते सत्यजित नावाच्या एका मराठी गृहस्थानं. तो पुण्याचा, टोकियोत सॉफ्टवेअरचं काम करणारा. तिथल्याच हिगाशी-कसाई भागात भाड्याच्या घरात पत्नी सुमेधा आणि मुलगी नेत्रा यांच्यासह राहत होता. सुमेधाच्या पाठीच्या कण्यात गाठ झाली होती. शस्त्रक्रियेनं गाठ निघाली, पण कमरेखालची ताकद परत आली नाही. हॉस्पिटलनं दाखवलेल्या खुर्च्या त्यांच्या घराच्या अरुंद दारातून आत जाईनात. मी अंगानं बारीक. ऑफिसातल्या कुणाकडून तरी त्याला माझा पत्ता लागला. त्यानं मला धुतलं, पुसलं, नवे टायर घातले. सुमेधा पहिल्यांदा माझ्यावर बसली तेव्हा तिनं माझ्या दोन्ही चाकांवर हात ठेवले.

सत्यजित मनानं फार चांगला. बायकोला काही त्रास होऊ नये म्हणून तो सतत धडपडत असे. पण त्या धडपडीत तो तिला विचारायचा मात्र राहून जाई. "आपण असं करू," म्हणून तो सुरुवात करी, आणि ते ठरूनच जाई. डोंगरातल्या निक्को गावची देवळं बघायला तो आणि नेत्रा दोघंच गेले, कारण तिथं पायऱ्या फार. परत आल्यावर त्यांनी सुमेधाला फोटो दाखवले. तिनं प्रत्येक फोटोला छान म्हटलं. तिचे हात माझ्या चाकांच्या कडांवर किती घट्ट आवळले होते, ते फक्त मला ठाऊक.

एका उन्हाळ्यात नेत्राच्या सुटीत कोरियाला, सोलला जायचं ठरलं. सोलजवळ जुन्या कोरियन घरांचं एक गाव जपून ठेवलं आहे. आई हॉस्पिटलात असताना मायलेकी एकाच मोबाइलवर राजेराण्यांच्या कोरियन मालिका बघत असत. त्यातली अंगणं, कौलांची वाकलेली टोकं, लाकडी ओसऱ्या दोघींना पाठ झाल्या होत्या. त्या गावात एक आख्खा दिवस घालवायचा, असं नेत्राचं केव्हाचं चाललं होतं.

सत्यजित जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला. "सकाळी लवकर निघायचं, स्टेशनवरून बस आहे, संध्याकाळपर्यंत परत. आपण असं करू सुमेधा, त्या दिवशी तू हॉटेलवर आराम कर. मातीचे रस्ते आहेत, घरांना उंबरे आहेत. तुझे हाल होतील."

"बरं," सुमेधा म्हणाली.

नेत्रा सोफ्यावर पालथी पडून वाचत होती. ती तशीच म्हणाली, "देन आय ॲम नॉट गोइंग."

"म्हणजे? तुलाच तर जायचं होतं."

"आईबरोबर जायचं होतं."

सत्यजितनं लॅपटॉप मिटला. त्याचा चेहरा पडला, कारण त्याला कुणालाच दुखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुमेधानं स्वतःच पुढचं पाऊल उचललं. वरच्या मजल्यावर पार्क-सान नावाच्या कोरियन बाई राहत होत्या. जपानी माणसाशी लग्न करून त्या इकडे आल्या होत्या. सुमेधानं त्यांना चहाला बोलावलं आणि आपल्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. पार्क-साननी चहा बाजूला ठेवून त्या गावाला फोन लावला. पुष्कळ वेळ बोलल्या. मग म्हणाल्या, "मोठा रस्ता दाबलेल्या मातीचा आहे, चालेल. मधे मधे खडी आहे. घरांच्या दारांना उंबरे आहेत. खुर्ची घेऊन आलेल्या कुणाला ते अडवत नाहीत, पण मदतीला कुणी मिळेल असंही सांगत नाहीत."

"आपण आधी खडीवर सराव करून बघू," सुमेधा संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली. सत्यजितला नाही म्हणता येईना.

रविवारी आम्ही नदीकाठच्या बागेत गेलो. मित्रांनो, त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. खडीची वाट सुरू झाली आणि माझी पुढची लहान चाकं खड्यांत रुतली. सत्यजितनं मागून जोर लावला. मी अडकले ती अडकलेच, आणि सुमेधा पुढे पडली. तिचा तळहात सोलवटला. नेत्रा रडू लागली. सत्यजितनं सुमेधाला उचलून पुन्हा बसवलं. तो पांढराफटक पडला होता.

"म्हणूनच सांगत होतो," घरी येताना तो म्हणाला. "हट्टाला काही अर्थ आहे का?"

 घरी आल्यावर सुमेधानं हात धुतला, त्याला मलम लावलं आणि मग शांतपणे बोलली.

"सत्यजित, पडले त्याचं मला काही वाटलं नाही. हात दोन दिवसांत बरा होईल. पण तुम्ही जाऊन यायचं आणि मी फोटो बघायचे, याचा मला आता कंटाळा आलाय. तुला मी सांभाळून ठेवायची वस्तू वाटते."

"असं नाही गं."

"मग कुठं जायचं आणि कुठं नाही, ते मला विचारत जा. मी नाही म्हणेन कधी कधी. पण विचारत जा."

 सत्यजितनं उठून चहा केला. दुसरं काय करावं, हे त्याला सुचलं नसावं.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना सुमेधानं खडीचं विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "ढकलू नका. खुर्ची उलटी फिरवा आणि ओढत न्या. मोठी चाकं पुढे आली की रुतणार नाहीत." इतकं सोपं. मग दर रविवारी आम्ही त्याच वाटेवर जात राहिलो. सत्यजित मला मागे कलती करून ओढायला शिकला. सुमेधा चाकांच्या कडा फिरवून त्याला हातभार लावायची. "हळू," ती सांगायची, आणि तो हळू व्हायचा. उन्हाळा संपेपर्यंत दोघांचं चांगलं जमून आलं.

या सरावासाठी सुटीतली सहल पुढे ढकलली होती, आणि मग शरद ऋतूत आम्ही त्या गावात गेलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. विमानाच्या पोटात बॅगांच्या शेजारी बसून गेले. गावातल्या झाडांची पानं पिवळी झाली होती. खडी आली की आम्ही उलटे फिरायचो, आणि समोरून येणारे लोक आमच्याकडे पाहून हसायचे. सुमेधाही हसायची.

एका मोठ्या घराच्या अंगणाचा उंबरा दोघा अनोळखी तरुणांच्या मदतीनं ओलांडला. आत लांबच लांब लाकडी ओसरी होती. बूट काढून ठेवायला खाली दगड मांडला होता, आणि ओसरी त्याच्याही वर. सत्यजितनं सवयीनं सुमेधाला उचलायला हात पुढे केले. मग तो थांबला.

"सुमेधा, काय करायचं?" त्यानं विचारलं.

तिनं जरा वेळ ओसरीकडे पाहिलं. "मला तिथं बाजूला ने, दगड नाही तिकडे. ब्रेक लाव."

मी ओसरीला अगदी चिकटून उभी राहिले आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की ती ओसरी बरोबर माझ्या बैठकीएवढी उंच होती. सुमेधानं एक हात लाकडावर टेकला, एक माझ्यावर, आणि एका झटक्यात ती पलीकडे सरकली. पाय हातांनी उचलून वर घेतले. गुळगुळीत फळ्यांवरून हातांच्या आधारानं ती पार आतल्या भिंतीपर्यंत गेली आणि टेकून बसली. त्या घरात खुर्ची नव्हतीच. आलेली सगळी माणसं जमिनीवर बसत होती. नेत्रा तिच्याशेजारी जाऊन बसली, सत्यजित समोर मांडी घालून बसला. किती वर्षांनी तिघांचे डोळे एका उंचीवर आले होते.

"आई, कसं आहे?" नेत्रानं विचारलं.

"फळ्या उन्हानं गरम झाल्यात," सुमेधा म्हणाली. "हे मालिकेत कळत नव्हतं."

मी अंगणात एकटी उभी होते. ते तिघं पुष्कळ वेळ तिथं बसले. पुढचं घर बघायची घाई सत्यजितनं केली नाही.

आता सुमेधाकडे नवी, हलकी खुर्ची आहे. मी दाराशी असते. नेत्रा शाळेतून आली की दप्तर माझ्यावर टाकते. माझी तक्रार नाही. एवढंच सांगते, मित्रांनो, आमच्यासारख्या कुणी तुमच्या घरी असतील, तर त्यांच्या चाकांत हवा भरत जा, त्यांना गंजू देऊ नका. आणि रस्त्यात, दुकानात, देवळाच्या दारात एखादी खुर्ची दिसली, तर काय हवं, कुठं जायचं, हे तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाला विचारू नका. जरा खाली वाका, आणि जी तिच्यावर बसली आहे तिला विचारा.