पुलाच्या तोंडाशी मांडलेले टेबल

मी एक जुने घडीचे टेबल आहे. माझे पाय लोखंडी आहेत आणि पाठ मऊ लाकडाची. मऊ लाकूड पटकन दबते आणि दबलेले विसरत नाही. मित्रांनो, माझ्या हातून जे घडले ते त्यामुळेच घडले.

हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात माक नावाच्या सुताराने मला केले. फाँग साउ-पिंग नावाच्या बाईने त्याला बजावले होते, "हलकं कर. मला एकटीला उचलता आलं पाहिजे." ती जिन्याखालच्या गाळ्यात कपडे दुरुस्त करायची. माझ्यावर पँट पसरून ती खडूने रेघा मारायची आणि कात्री चालवायची. तिचा नवरा विंग-काय खाणावळीत स्वयंपाकी होता. दुपारी तो डब्यातून पेज आणायचा आणि दोघे माझ्याच कडेला बसून जेवायचे.

आमच्या रस्त्यावर एक पादचारी पूल आहे. म्हाताऱ्या माणसांना त्याचे जिने चढवत नसत. एका रविवारी साउ-पिंगने मला बगलेत मारले, पुलाच्या तोंडाशी मांडले आणि लिफ्टच्या मागणीसाठी सह्या गोळा करायला सुरुवात केली. दोन वर्षे आम्ही दर रविवारी तिथे उभे राहिलो. शेवटी लिफ्ट आली. त्या दिवशी लोकांनी माझ्यावर संत्री ठेवली. कुणीतरी म्हणाले, "पिंगताई, तुमचं टेबल म्हणजे आमची कचेरीच झाली." मला फार अभिमान वाटला होता.

आमचे शहर एका मोठ्या देशाचा भाग आहे. पण कारभार आमचा आम्ही पाहायचा, न्यायालये आमची असायची, मनातले बोलायला आणि छापायला कुणाची ना नसायची, असे पन्नास वर्षांसाठी ठरले होते. पन्नास वर्षे संपायला अजून बराच अवकाश होता. तेवढ्यात बातमी आली की इथल्या आरोपींना खटल्यासाठी सीमेपलीकडे नेता येईल असा कायदा होतोय. त्या रविवारी साउ-पिंगने माझ्यावर नवा कागद ठेवला. 'आमची चौकशी आमच्याच न्यायालयात व्हावी' एवढेच त्यावर लिहिले होते. रांग पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

त्या रांगेत समोरच्या इमारतीचे पहारेकरी यिम काका होते. ते लहानपणी शाळेत गेले नव्हते. साठी उलटल्यावर रात्रशाळेत जाऊन स्वतःचे नाव लिहायला शिकले होते. त्यांनी पेन मुठीत धरले आणि एकेक रेघ कोरल्यासारखी काढली.

"काका, कागद फाटेल," साउ-पिंग म्हणाली.

"फाटू दे. पुसट लिहिलं तर म्हणतील वाचता येत नाही, मोजू नका याला."

मागचा माणूस हसला. "आजोबा, कबरीवरचा दगड कोरताय का?"

"तोही मीच कोरणार," काका म्हणाले आणि आणखी जोर देऊन शेवटची रेघ मारली. ती माझ्या अंगात खोल उतरली.

तो कायदा मागे घेतला गेला. पण वर्षभरात दुसराच आला आणि तो थेट वरून आला. त्यात काय गुन्हा आणि काय नाही हे कुणाला नीट सांगता येईना. साउ-पिंगने रविवारी मला मांडणे बंद केले. शेजारच्या गल्लीत पत्रके वाटणाऱ्या दोघांना नेल्यावर विंग-कायने सह्यांचे सगळे कागद खाणावळीतल्या मोठ्या पातेल्यात उकळले आणि त्यांचा लगदा केला.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या ताम बाई गाळ्यात आल्या. "पिंगताई, माझं नाव कुठंय?"

"त्याची पेज झाली. निश्चिंत राहा."

बाईंनी माझ्यावर हात टेकला. खिडकीतून तिरपे ऊन येत होते. त्यांची नजर माझ्या पाठीवर खिळली. "हे काय आहे?" त्यांनी विचारले.

साउ-पिंग वाकली. लाकडात सह्या उमटल्या होत्या. एकावर एक, आडव्या-तिडव्या, पण उन्हात वाचता येत होत्या. मी इतकी वर्षे माझ्या माणसांची नावे जपली होती, आणि आता ती कुणालाही वाचून दाखवायला मी तयार उभे होते. मला अंग आक्रसता येत नव्हते, पालथे होता येत नव्हते.

विंग-कायने पॉलिश पेपर आणला. रेडिओवर ऑपेरा मोठ्याने लावून नवरा-बायको भर दुपारी मला घासत बसली. ताम बाई भुसा पुसत होत्या. दोन तासांत माझा वरचा थर गेला. यिम काकांचे नाव मात्र जाईना. साउ-पिंगने तिथे घासून घासून खळगा पाडला.

काका दारात येऊन उभे राहिले. "राहू दे ते, पोरी. हाताला फोड आलेत तुझ्या."

"गप बसा, काका. तुम्हाला कळत नाही."

"कळतंय. मीच लिहिलंय ना."

तिने आणखी घासले. शेवटी बोटाला काही लागेना, तेव्हा थांबली.

चौथ्या दिवशी सकाळी पोलिसांची माणसे आली. त्यांनी जुनी पत्रके घेतली, कापडी फलक घेतला, मला घेतले आणि साउ-पिंगलाही घेतले. एका खोलीत एकाने माझ्या कडेला दिवा आडवा धरला. खळग्याच्या तळाशी यिम तो-सांग ही तीन चिनी अक्षरे होती. ती त्याने मोठ्याने वाचली.

काकांना दोन दिवस बसवून ठेवले होते. पहाऱ्याचे काम गेले आणि मुलगा त्यांना परदेशी घेऊन गेला. साउ-पिंगला साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

खटला संपल्यावर विंग-काय मला घरी घेऊन आला. आता तो माझ्यावर एकटा जेवतो. गेल्या महिन्यात त्याने तुरुंगातून एक अर्ज आणला. तिला भेटायला कोण कोण येणार त्यांची नावे त्यात भरायची होती. त्याने तो माझ्यावर ठेवला आणि पेन शेजारी. लिफ्टवाल्या दिवशी संत्री आणणारी माणसे आली, चहा प्याली, तिची तब्येत विचारली. ताम बाईंनी पेन उचललेसुद्धा.

"मला शाळा आहे, भाऊ," त्या म्हणाल्या आणि पेन खाली ठेवले.

"हो, बाई. मला समजतं," विंग-काय म्हणाला.

मी कुणाला दोष देत नाही. माझ्यावर नाव लिहिल्याने काय होते ते मीच त्यांना दाखवले आहे. पण मित्रांनो, तुमच्या गावात चार माणसे उभ्या उभ्या आपले म्हणणे लिहू शकतील असे एखादे टेबल असेल, तर ते हलले म्हणून अडगळीत टाकू नका. त्याला पाचर मारा, पुसून ठेवा, आणि त्यावर लिहिणाऱ्याच्या पाठीशी थांबा. मोडल्यावर असे टेबल सुताराला दुरुस्त करता येत नाही.

अर्जावर आठ ओळी आहेत. विंग-कायने पहिल्या ओळीत स्वतःचे नाव लिहिले आहे. उद्या तो द्यायचा आहे.