पिवळ्या चेंडूची ओ

"बाबा, ओ मोठ्यानं द्या हं! नाहीतर माझा चेंडू मांडणार नाहीत!"

आमची थिया तेव्हा सात वर्षांची होती. हातात मोगरीऐवजी स्वयंपाकाचा लाकडी डाव, गवतात चेंडूंऐवजी संत्री. कॉलेजच्या हिरवळीच्या कडेला मोगरीनं चेंडू कमानींतून टोलवायचा तिचा आपला वेगळाच क्रोके चालायचा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एप्रिल आला की तो जास्तच ऐकू येतो.

आमच्या गावात वसंत येतो तो क्रोकेच्या सामन्याबरोबर. रस्त्याच्या अलीकडे आमचं जुनी पुस्तकं वाचायला लावणारं छोटं कॉलेज, पलीकडे नौदलाची अकादमी; सामना या दोघांत. सामन्याआधी पंच एकेका रंगाचा पुकारा करतो आणि त्या खेळाडूच्या घरच्या माणसानं गर्दीतून ओ द्यायची, "आहे!" ओ आल्याशिवाय चेंडू मांडत नाहीत. थिया मोठी झाली, कॉलेजच्या संघात आली, पिवळा चेंडू तिचा झाला. ऑल्डन, माझा नवरा, तिचा बाप, वर्गात भूमिती शिकवताना मागच्या बाकापर्यंत ऐकू न जाणारा माणूस; पण त्या दिवशी असा ओरडायचा की झाडावरची पाखरं उडायची.

नोव्हेंबरात थिया गेली. ताप साधा वाटला होता. तिला पुरून आलो त्या दिवसापासून ऑल्डननं तिचं नाव घेतलं नाही. मी घेतलं की उठून खिडकीशी जायचा. झाडाला पालवी आली, पालवीवर ऊन आलं, ओळखीचं पाऊल तेवढं दाराशी आलं नाही. आणि घरात दोघं असून मी एकटीच रडत होते.

"जाऊ या सामन्याला," मी म्हटलं. वाटलं, तिथं तरी बोलेल.

"तुझी इच्छा," तो म्हणाला आणि टोपी घातली.

डॉगवुडची झाडं पांढरी फुलली होती. चादरी पसरलेल्या, स्ट्रॉबेरीच्या टोपल्या, बँड वाजतोय, पोरं-पोरी गवतावर नाचतायत. अकादमीची पोरं पांढऱ्या स्वेटरांत ताठ उभी.

"ए पुस्तकी किड्यांनो, मोगरी कुठल्या बाजूनं धरतात ते वाचलंत का?"

"वाचलंय! तुम्हाला वाचून दाखवू का, होडीवाल्यांनो?"

सगळे हसले. मीही हसले असते.

इतक्यात हॅस्केलबाई आल्या. नवरा नौदलात होता, म्हणून त्या पलीकडच्या बाजूच्या. दरवर्षी ऑल्डनशी भांडायला खास आमच्या चादरीवर यायच्या. मागच्या सामन्यानंतर वर्षभर त्या आपल्या मुलाकडे सॅन दिएगोला होत्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"काय हो मास्तर, यंदा रडायची तयारी करून आलात ना? आणि आमची वैरीण कुठाय? मागल्या खेपेला माझ्या पुतण्याचा चेंडू पार झुडपात धाडलान कार्टीनं!"

मी ऑल्डनकडे पाहिलं. तो कमानींकडे बघत होता.

"थिया बाहेरगावी असते हल्ली," तो म्हणाला. इतक्या महिन्यांनी नाव घेतलं, ते असं.

"बरंय बाई! म्हणजे आमचं फावलं," म्हणत हॅस्केलबाईंनी आमच्या डब्यातलं मसाल्याचं अंडं उचललं. मी हातातला रुमाल पिळत राहिले. त्याला खोटं पाडू? कसं पाडू?

पंच मधोमध आला. बँड थांबला.

"निळा!"

"आहे!" अकादमीच्या बाजूनं कुणी काका गरजले.

"तांबडा!" "आहे!" "काळा!" "आहे!"

"पिवळा!"

पिवळा चेंडू घेऊन एक किडकिडीत नवी मुलगी उभी होती. इन्ग्रिड, पार नेब्रास्काची. तिच्या घरचं इथं कोण असणार? तिनं उगाच गर्दीवरून नजर फिरवली.

"पिवळा!" पंचानं पुन्हा पुकारलं.

"अरेरे, पिवळ्याला वाली नाही कुणी!" पलीकडून एकजण ओरडला. हशा पिकला. मुलीची मान खाली गेली, चेंडू तिनं पोटाशी धरला.

शेजारी चादर हलली. ऑल्डन उठून उभा राहिला होता. टोपी खाली पडलेली त्याला कळली नाही.

"आहे!"

तोच आवाज. पाखरं उडाली. मुलीनं दचकून वर पाहिलं, ओल्या डोळ्यांनी हसली आणि चेंडू गवतावर ठेवला.

"वा मास्तर! ही कोण तुमची, भाची?" हॅस्केलबाईंनी विचारलं.

ऑल्डन खाली बसला. मी त्याचा हात धरला, त्यानं धरू दिला.

"नाही हो," तो म्हणाला. "मी मघाशी खोटं बोललो, हॅस्केलबाई. थिया बाहेरगावी नाही. माझी थिया गेली. नोव्हेंबरात गेली माझी पोर."