सुलोचना सिस्टरचा चार्ज

"पोरगा चहा बशीत पिते का गिलासात?"

अण्णाजी वकिलांनी असं विचारलं आणि सुलोचनाबाई चपापल्याच. ट्रस्टचा कागद करायला आलेल्या माणसाला वकिलाने घरटॅक्सची पावती मागावी, वारसांची नावं विचारावीत. हा म्हातारा चहावर कुठे घसरला?

"गिलासात. स्टीलच्या. बशीत ओतला तं उठून जाते."

"साखर?"

"दीड चमचा. पन वकीलसाहेब, हे कागदात कायले पाह्यजे?"

"कागद कोनासाठी करून राह्यलो आपन? त्याच्यासाठीच नं? मंग त्याची वळख तं होऊ द्या मले," असं म्हणत अण्णाजींनी दीड चमचा लिहून घेतला.

सुलोचनाबाई म्हणजे तळेगाव श्यामजीपंताच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेली सिस्टर. ड्यूटीला कधी पाच मिनिटं उशीर नाही, कोणाचं एक नाही की दोन नाही. नवरा लवकर गेला. रिटायर झाल्यावर वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत दोन खोल्यांचं घर बांधलं आणि लेकाला घेऊन तिथे राहिल्या. लेक धम्मदीप चौतीस वर्षांचा. अंगाने गडी, मनाने चार वर्षांचं लेकरू. बोलणं जवळजवळ नाहीच. सकाळी आई वंदना म्हणायची तेव्हा हा हात जोडून बसायचा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द खणखणीत म्हणायचा, "गच्छामि!" सगळ्या गल्लीचं घड्याळ त्याच्यावर लागायचं.

मागच्या उन्हाळ्यात सुलोचनाबाईंच्या छातीत कळ आली. चार दिवस दवाखान्यात होत्या. परत आल्या तर धम्मदीप फाटकाशी बसलेला, ओठ सुकलेले, गालफडं आत गेलेली. शेजारच्या नलूताईने जीव तोडून केलं होतं, पण याने पाणी सोडून पोटात काही घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून बाईंच्या जिवाला एकच घोर लागला. आपल्यामागे याचं काय?

पुण्याला राहणारा भाचा रत्नदीप हुशार. फोनवर म्हणाला, "आत्या, वकिलाच्या चकरा कायले मारतं? कंपनी हाये. मोबाइलवर फॉर्म भर, दोन दिवसात ट्रस्टचा कागद घरपोच. खर्च अर्धा." बाईंनी भरला फॉर्म. त्यात एक चौकट होती, लाभार्थीच्या विशेष गरजा. पाचशे अक्षरं. सिस्टरच त्या, सुरुवातीपासून लिहायला बसल्या. उठणं, दात घासणं, आंघोळ. पायमोज्यापर्यंत येतात न येतात तोच चौकट भरली. कंपनीच्या पोरीला फोन केला तर ती गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, बाकी ट्रस्टी देख लेंगे ना."

कागद आला. बावीस पानं, कोरी करकरीत. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तरी बाईंनी त्यावर सही केली नाही. शेवटी ती बावीस पानं पिशवीत घालून त्या अण्णाजींकडे आल्या. घराच्या जागेची खरेदी त्यांनीच करून दिली होती.

अण्णाजींनी चष्मा वर-खाली करत सगळं वाचलं. "कागद चांगला हाये बाई. झूठ काऊन बोलू? घर, पेन्शनचा जमा पैसा, विश्वस्त, सारं बराबर. पन हा कोनाचाही पोरगा होऊ शकते. यात आपला धम्मदीप कुठी हाये?"

त्यानंतरच तो बशी-गिलासाचा प्रश्न आला होता. आता बाईंना एकदम भरून आलं. इतके दिवस जे टोचत होतं ते म्हाताऱ्याने चिमटीत पकडलं होतं.

"दवाखान्यात ड्यूटी बदलताना काय करत होत्या तुम्ही?"

"चार्ज देत होतो आम्ही. दुसऱ्या सिस्टरले. कोनाले काय देल्लं, काय द्याचं राह्यलं, कोन सुईले घाबरते, सारं."

"मंग लिहा चार्ज. पाचशे अक्षरं काय, पाचशे पानं लिहा. कागदाच्या मांगं परिशिष्ट जोडू."

अठरा दिवस लागले. लांबोड्या रजिस्टरमध्ये एकसष्ट कलमं झाली. उजवा पायमोजा आधी. केस कापायला नेताना हातात कंगवा द्यावा. वीज कडाडली की गादीची घडी घालू लागतो, घालू द्यावी, ओरडू नये. दवाखान्यातल्यासारखंच सुवाच्य अक्षर, खाडाखोड नाही. विश्वस्त दोघं ठरले. कागदपत्रं पाहायला रत्नदीप, आणि रोजचं पाहायला पौर्णिमा. पौर्णिमा ही बाईंच्या बहिणीची मुलगी, शाळेत मास्तरीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. मायाळू पोरगी. स्वतःहून म्हणाली होती, "मावशी, दादाले मी पाहीन."

बाईंना वाटलं, झालं. पण अण्णाजी कसले सोडतात?

"सहीच्या अगोदर एक दिवस तुम्ही या जगात नाई असं धरा. रजिस्टर पौर्णिमाच्या हातात, अन् तुम्ही घराबाहेर. फोन नाई, हाक नाई. मेलेला मानूस रस्ता ओलांडत नाई, बाई."

दुसरी कोणी असती तर पदर डोळ्याला लावला असता. सुलोचनाबाई म्हणाल्या, "रविवारी मरते. पौर्णिमाले सुट्टी राह्यते."

रविवारी उजाडता उजाडता त्या रस्त्यापलीकडे नलूताईच्या घरी जाऊन खिडकीशी बसल्या. समोर त्यांचा ओटा स्वच्छ दिसत होता. धम्मदीप उठला. आंघोळ झाली. थोड्या वेळाने वंदनेचा सूर आला, आवाज पौर्णिमाचा, आणि मागोमाग खणखणीत "गच्छामि!" बाईंनी नलूताईचा हात दाबला. असा अभिमान त्यांना स्वतःच्या नोकरीच्या ऑर्डरचाही वाटला नव्हता.

मग चहा आला. ओट्यावर, स्टीलच्या ग्लासात, दीड चमचा साखरेचा. धम्मदीपने ग्लासाकडे पाहिलं, पौर्णिमाकडे पाहिलं आणि ग्लास सरकवून दिला.

पौर्णिमाने रजिस्टर उघडलं. कलम चौदा, चहा घेतल्याशिवाय काही खात नाही. दुसरा चहा केला. नाही. नऊला तिसरा. नाही. अकराला चौथा. पोरगी रडकुंडीला आली. धम्मदीप उठून फाटकाशी जाऊन बसला, उन्हाळ्यात बसला होता तसाच.

खिडकीतून सुलोचनाबाई हे सगळं पाहत होत्या. एकसष्ट कलमं त्यांनी मनात तीनदा वाचून काढली. काय सुटलं? दूध जास्त? आलं? ग्लास तर तोच!

"जा ना व माय," नलूताई कळवळून म्हणाली. "लेकरू उपाशी हाये तिकडं!"

"नाई. आज मी मेली हावो. उद्या खरंच मरीन तेव्हा कोन जाईन?" बाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला. "दोन वाजेपर्यंत पाह्यते. मंग होते जिवंत."

दीड वाजता पौर्णिमा पाचवा चहा घेऊन आली. फाटकाशी त्याच्याजवळ फतकल मारून बसली. "पी ना रे दादा," म्हणाली. त्याने मान फिरवली. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. चहा वाया कशाला घालवायचा म्हणून तिने त्याचाच ग्लास तोंडाला लावला आणि एक घोट घेतला.

धम्मदीपने हात पुढे केला. ग्लास घेतला आणि तळापर्यंत चहा पिऊन टाकला.

बाईंचा हात आपोआप तोंडावर गेला. हा लहान असताना एकदा कढत चहाने जीभ पोळली होती. तेव्हापासून त्या आधी स्वतः घोट घेऊन पाहायच्या. तीस वर्षं रोज दोनदा. इतकं अंगवळणी पडलेलं की आपण असं काही करतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. सिस्टर चार्जमध्ये पेशंटचं लिहिते, स्वतःच्या हाताचं थोडीच लिहिते? पोरगा काय करतो ते एकसष्ट कलमांत होतं. आई काय करते ते एकातही नव्हतं.

त्या हसल्या आणि रडल्याही. पौर्णिमाने पोह्यांची ताटली आणली, तीही तो भराभर खाऊ लागला. जिवावरचा धोंडा उतरला होता. आणि खरं सांगायचं तर काळजात एक बारीकशी कळही उठली, कारण खाताना त्याने एकदासुद्धा रस्त्याकडे पाहिलं नाही. सहा वाजेपर्यंतचं बोलणं होतं. सहा वाजेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

अण्णाजींनी बासष्टावं कलम जसंच्या तसं जोडलं. चहाचा पहिला घोट विश्वस्ताने घ्यावा, नंतर ग्लास धम्मदीपच्या हाती द्यावा. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं वकिली करून राह्यलो बाई, असं कलम लिहाचा योग आज आला."

रजिस्ट्रीला रत्नदीप पुण्याहून आला. ऑफिसच्या बाकड्यावर बसून त्याने परिशिष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "आत्या, हे त्या चौकटीत मावलं नसतं व," एवढंच म्हणाला.

अंगठे उठले, फोटो निघाले, कागद झाला. सगळे घरी आले. बाईंनी मूळ रजिस्टर उघडलं आणि शेवटच्या पानावर पट्टीने मधोमध रेघ मारली, दवाखान्यात मारायच्या तशी. डावीकडे चार्ज दिला, उजवीकडे चार्ज घेतला. डावीकडे सही केली. उजवीकडे पौर्णिमाने.

पेनाला टोपण लावून सुलोचनाबाई उठल्या आणि सवयीने खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली. तीस वर्षं चार्ज दिला की त्या अशाच निघायच्या, घरी. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, घर तर हेच. त्या परत आल्या, पिशवी खुंटीला लावली आणि चहा ठेवला.

दीड चमचा साखर घालून त्यांनी धम्मदीपचा ग्लास भरला. सवयीने तोंडापर्यंत नेलेला ग्लास त्यांनी तसाच खाली आणला आणि पौर्णिमाच्या हातात दिला.

"घे बाई," त्या म्हणाल्या. "पह्यला घोट तुह्या."