चेकर नंबर एकोणीस

आटगावच्या कारखान्यात शेवटचे तीन महिने चौघंच उरली होती, आणि त्या चौघांत संध्या होती. बाकीच्या बायकांना दिवाळीनंतर घरी बसवलं. बारा वर्षं तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली माधुरी, तिलाही थांब म्हणून सांगितलं होतं, पण ती थांबली नाही. ज्या डिस्क इतकी वर्षं हातमोजे घालून धरल्या त्या आता स्वतःच्या हातानं मशीनमध्ये लोटायच्या, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं ती म्हणाली. तूही येऊ नकोस, असंही तिनं दोनदा सांगितलं. संध्या म्हणाली, बघू. बघितलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती नेहमीसारखी गेटवर उभी राहिली.

कारखाना सिनेमाच्या डिस्क काढायचा. संध्याचं काम चेकिंगचं. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली डिस्क तिरकी धरायची, एक फेरा फिरवायचा, बुडबुडा, चरा, धुळीचा कण दिसला की लाल टोपलीत, नाही दिसला की पुढे. एका डिस्कला चार सेकंद. वीस वर्षांत तिच्या हातून किती सिनेमे गेले असतील याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता, आणि त्यातले तिनं पाहिलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कव्हरवर हिरोचं तोंड दिसायचं, तेवढीच ओळख.

मग मागणी घटत गेली. आधी रात्रपाळी गेली, मग एकेक लाइन बंद पडली. लोक आता फोनवरच सिनेमे बघतात हे सगळ्यांना दिसत होतं. संध्याच्या घरातही तेच. तिची मुलगी रविना बारावीला होती, आणि भातसानगरला धरणाच्या कामावर असलेला संध्याचा नवराही जेवताना फोन भिंतीला टेकवून बसायचा. घरातला डिस्कचा प्लेअर कधीच भंगारवाल्याला दिला होता. कारखान्यात याबद्दल कुणी फारसं बोलत नसे.

शेवटचं काम असं होतं. ठिकठिकाणच्या गोदामांत न खपलेला माल परत आला होता. सिनेमांचे हक्क संपलेले, त्यामुळे माल नष्ट करून तसा दाखला द्यायचा होता. खोका फोडायचा, डब्या उघडायच्या, कागद एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, डिस्क ग्राइंडरमध्ये. खालून चंदेरी चुरा पोत्यात पडायचा. मशीनच्या आवाजात बोलणं व्हायचं नाही, ते संध्याला बरं वाटायचं. पूर्वीचा लाइन सुपरवायझर हरेश आता स्वतः खोके फोडायला बसत होता.

जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी हरेशनं एक खोका तिच्यापुढे सरकवला आणि तो कापायचं सोडून नुसता उभा राहिला. संध्यानं वर पाहिलं. खोक्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. म्हणजे हा खोका कारखान्यातून निघाला, गोदामात पडला आणि कुणी न उघडता परत आला. बाजूला चिठ्ठी होती, शाई फिकी पडलेली. सिनेमाचं नाव, दिवसपाळी, चेकर नंबर एकोणीस. एकोणीस नंबर तिचा. तारीख सतरा फेब्रुवारी दोन हजार अकरा.

त्या तारखेला तिचे वडील गेले होते.

वडिलांचं नाव काळू. धसईच्या बाजूला त्यांचं गाव, थोडी भातशेती, आणि थंडीत वाल, भेंडी काढून ते धसईच्या बाजारात नेऊन बसायचे. पोरगी सिनेमाच्या कंपनीत लागली याचं त्यांना फार कौतुक. बाजारात ओळखीचा भेटला की म्हणायचे, माझी पोर शिनेमा काढते. एकदा संध्या माहेरी गेली तेव्हा त्यांनी रुमालात गुंडाळलेल्या दोन डिस्क बाहेर काढल्या. बाजारात एकजण पोत्यावर मांडून विकत होता त्यातल्या, पातळ पिशवीतल्या, झेरॉक्सचं कव्हर लावलेल्या.

"ही तुज्या कंपनीची ना गो बाय?" एक तिच्या हातात देऊन त्यांनी विचारलं.

तिनं सवयीनं डिस्क दाराच्या उजेडात तिरकी धरली. खालची बाजू जांभळट. कंपनीची कशी चंदेरी, स्वच्छ असते. ही कुणीतरी घरी बसून कॉपी केलेली होती, आणि काठाला चराही होता.

"व्हय आबा, आमचीच हाय," ती म्हणाली.

त्यांनी ती परत रुमालात गुंडाळली. पुढं शेजाऱ्याच्या टीव्हीवर त्यांनी ती किती वेळा लावली ते तिला भावजयीनं सांगितलं होतं.

सतरा फेब्रुवारीला गुरुवार होता. शुक्रवारी तो सिनेमा सगळ्या दुकानांत पोचायचा होता आणि ट्रक पाचला लागायचा होता. फोन गेटवरच्या कपाटात ठेवायचा नियम. तिचा भाऊ सतीश यानं एक वाजता ऑफिसात फोन केला, वडिलांचं जास्त आहे, ताईला लगेच पाठवा. तो निरोप हरेशनं घेतला. त्या दिवशी दोन चेकर आल्या नव्हत्या. हरेशनं तिला निरोप दिला साडेचारला, शेवटचा खोका बंद झाल्यावर. फोन कधी आला होता असं तिनं विचारलं, तर म्हणाला मघाशी. एक वाजता आला होता हे तिला गेटवरच्या वॉचमननं सांगितलं; फोन त्यानंच आत जोडून दिला होता.

आटगावहून शहापूर, शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून धसईची गाडी. ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि वडिलांना अंगणात आणून ठेवलं होतं. सतीशनं सांगितलं, मुरबाडच्या दवाखान्यात चार वाजता गेले, माझ्या हातचं पाणी प्याले, शेवटपर्यंत तुझं नाव घेत होते. संध्या तेव्हाही फारशी रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय तिला. आठ दिवसांनी ती कामावर हजर झाली आणि हरेशला या गोष्टीबद्दल एक शब्द बोलली नाही. तोही बोलला नाही. तेरा वर्षं दोघं एकाच छपराखाली रोज आठ तास होती.

आता तो खोका मधे ठेवून हरेश उभा होता. त्यानं हात लांबवून ग्राइंडरचं बटण बंद केलं. मागे पोती शिवणारी दोघं चहाला गेली होती.

"संध्याताई, मी त्या दिवशी तुम्हाला एक वाजताच सोडायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तीन तासांनी काय फरक पडतो. ट्रक गेला नसता तर माझी नोकरी गेली असती असं वाटलं. आणि हा बघा, खोका उघडलासुद्धा नाही कुणी."

संध्या चिठ्ठीकडे पाहत राहिली. राग यावा असं तिला वाटलं, यायला हवा होता. तिनं आत चाचपून पाहिलं, तर तिथं काही हलत नव्हतं. तिनं कटर घेतला, चिकटपट्टी कापली आणि पहिल्या दहा डब्या बाहेर काढल्या.

"मशीन चालू करा, हरेशभाऊ," ती म्हणाली. "सहाच्या आत एवढा ढीग संपवायचाय."

शंभर डिस्क होत्या. एकीवरही चरा नव्हता. ती एकेक घालत गेली.

त्या संध्याकाळी घरी तिनं रविनाला सिनेमाचं नाव सांगून विचारलं, हा तुझ्या फोनवर आहे का. रविनानं नाव पूर्ण टाइपही केलं नाही, तोवर सिनेमा आला. मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून तिनं लावून दिला. काचेवर एक पिठाचा कण होता, तो संध्यानं पदरानं पुसला. मग ती पोळपाटाशी बसून बघू लागली. हिरो गाडीतून आला, लोकांनी त्याला उचललं, एक गाणं झालं. दुसरं गाणं रविनानं बोटानं पुढं ढकललं. पाऊण तास झाल्यावर संध्या भाताचं बघायला उठली. रविनानं विचारलं, थांबवू का, तू येईपर्यंत थांबतो तो. संध्या म्हणाली, नको, चालू दे. कसा आहे, असं रविनानं विचारल्यावर ती म्हणाली, बरा आहे.

सतरा फेब्रुवारीला ती माहेरी गेली. दरवर्षी त्या दिवशी सतीश वडिलांचं पुण्यस्मरण ठेवायचा. सकाळी बुद्धवंदना झाली, गावातली दहापंधरा माणसं जेवून गेली. दुपारी भांडी घासून झाल्यावर संध्या आणि सतीश मागच्या पडवीत बसले होते. बोलता बोलता तिनं खोक्याची गोष्ट सांगितली. निरोप साडेतीन तास अडकवून ठेवला होता हेही तिनं त्याला पहिल्यांदाच सांगितलं. एक वाजता निघाले असते तर चारपर्यंत मुरबाडला पोचले असते, असं ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, गाडीचा टाइम सांगावा तसं.

सतीश म्हणाला, "ताय, तू पोचली नसतीस."

"का?"

"मी फोन केला तवा आबा गेलेले व्हते. सकाळीच छातीत दुखतंय म्हनाले. मी म्हटलं पडून र्‍हावा, भेंडी इकून येतो. आलो ते साडेदहाला. मंग गाडी केली. मुरबाड यायच्या आधी गाडीतच गेले. डाक्टरनं हात लावून सांगितलं."

"चार वाजता?"

"ते मी सांगितलं. बाजारात बसलो व्हतो असं कसं सांगू सगल्यांना."

संध्यानं विचारलं, "नाव घेतलं माझं?"

"नाय," सतीश म्हणाला. "काय बोललेच नाय."

तो रडायला लागला. पन्नाशीला टेकलेला माणूस, गुडघ्यात डोकं घालून रडत होता. संध्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायचा म्हणून ठेवला; आपला हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा तिला वाटला. भावजय चहा घेऊन आली तेव्हा संध्यानं कप घेतला आणि मुरबाडची गाडी अजून साडेचारलाच सुटते का, असं विचारलं.

महिनाअखेरीला कारखान्याचं काम संपलं. शेवटची पोती टेम्पोत चढवली. त्या चुऱ्याचं पुढं काय करतात असं कुणीतरी ड्रायव्हरला विचारलं, तर त्याला माहीत नव्हतं. टेम्पो गेल्यावर हरेश गेटला कुलूप लावत होता. संध्या त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि सतीशनं सांगितलेलं तिनं जसंच्या तसं सांगितलं. फोन यायच्या आधीच वडील गेले होते, तुम्ही एक वाजता सोडलं असतं तरी भेट झाली नसती.

हरेश किल्ली हातात घेऊन थांबला. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखं काहीतरी आलं, पण ते टिकलं नाही.

"पण निरोप मी ठेवलाच होता," तो म्हणाला. "मला कुठं माहीत होतं ते गेलेत."

"ठेवला होतात," संध्या म्हणाली.

पुढं काय करणार असं त्यानं विचारलं. आसनगावच्या एका कपड्याच्या कंपनीत चेकिंगला बोलावलंय, सोमवारपासून, असं तिनं सांगितलं. शर्टांचे सुटे धागे बघायचे. हरेशनं मोटरसायकल काढली आणि हायवेपर्यंत सोडतो म्हणाला. ती म्हणाली, रिक्षा येईल. तो गेला. ती डबा काखेत धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पहिली रिक्षा भरलेली होती, ती तिनं जाऊ दिली. दुसरीत एक जागा होती.