बोटभर उघडी काच

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. रंग फिकट निळा, दारे चार, आणि काचा वर-खाली करायला हाताने फिरवायची हँडले. माझ्यासोबत कारखान्यातून बाहेर पडलेल्या बहिणी केव्हाच भंगारात गेल्या. मी टिकले, कारण मला सांभाळणारी बाई तशी होती.

ती नर्स होती. घरोघरी जाऊन बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना पाहायची. सगळे तिला नर्सबाई म्हणत. बावीस वर्षे मी तिच्याबरोबर फिरले. एकदा तर वाटेतच, माझ्या मागच्या सीटवर, एक मुलगी जन्माला आली. नर्सबाईने तिला आपल्या लोकरी जाकिटात गुंडाळले, आईसकट घरी पोहोचवले आणि मग दोन तास माझी सीट घासली. माझ्या आत तिचाच वास असायचा. थोडा स्पिरिटचा, थोडा खोकल्याच्या गोळ्यांचा, आणि सगळ्यात जास्त लिंबाच्या वासाच्या क्रीमचा. सारखे हात धुऊन तिची कातडी फुटायची, म्हणून निघण्यापूर्वी ती हातांना क्रीम चोळायची आणि तेच हात माझ्या स्टिअरिंगवर ठेवायची. "माझी गाडी एका किल्लीत सुरू होते," असे ती चारचौघांत सांगायची. मीही तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही.

मग ती आजारी पडली. दुसऱ्यांच्या दुखण्याला धावणाऱ्या बाईने स्वतःच्या दुखण्याकडे मात्र काणाडोळा केला होता. तिची मुलगी राहायची त्या लांबच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाच-सहा महिने राहावे लागेल असे ठरले, तेव्हा तिने मला आपल्या थोरल्या भावाच्या शेतावर आणले. दादाकडे गाई होत्या आणि गाईंसाठी गवताचे मोठे कोठार होते. त्याने एका बाजूचे गवत हलवून माझ्यापुरती जागा केली होती. पन्नाशी ओलांडलेल्या नर्सबाईला 'ठकी' म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

मला ठेवण्याची तयारी तिने एखाद्या रुग्णाला झोपवावे तशी केली. आत गंज चढू नये म्हणून टाकी काठोकाठ भरली. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत चिंध्यांचा बोळा कोंबला. चाकांवरचा भार काढायला दादाने मला लाकडी ठोकळ्यांवर चढवले. बॅटरी काढून घरात नेली, तेव्हा दादाची बायको म्हणाली, नणंदेची गाडी कोठारात आणि गाडीचं काळीज माझ्या फडताळात, बरी वाटणी आहे. त्यावर तिघेही हसले.

शेवटी नर्सबाईने सगळ्या सूचना एका कागदावर लिहिल्या आणि तो कागद कोठाराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवला. मग माझ्या चारही काचा किंचित खाली केल्या आणि एका फटीत आपले बोट आडवे घालून दाखवले.

"हे बघ दादा, एवढी उघडी ठेवायची. आत हवा खेळली पाहिजे, नाहीतर बुरशी धरेल. आणि माझ्या बोटाएवढी हं. तुझ्या बोटाएवढी ठेवलीस तर मांजर शिरेल."

दादाने आपल्या जाडजूड बोटाकडे पाहिले. "तू परत आलीस की मोजून घे," तो म्हणाला.

"गवत संपायच्या आत येते."

गवत तेव्हा छपराला टेकले होते. जाताना तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवायची तसाच. मी मनाशी ठरवले, ही येईल तेव्हा एका किल्लीत सुरू व्हायचे.

दादा शब्दाला जागला. दर रविवारी तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायचा, चाके हाताने फिरवायचा, उंदरांचा माग काढायचा, काचांच्या फटी तपासायचा. मग पालथ्या बादलीवर बसून मला खबर द्यायचा. ठकीचे केस गेले. ठकी आज दोन घास जास्त जेवली. ठकी म्हणे तिथल्या नर्सना सुई कशी टोचायची ते शिकवते आहे, मेली तिथेही गप्प बसत नाही. हे सांगताना तो हसायचा आणि डोळे पुसायचा. गवताचा ढीग हळूहळू खाली येत होता आणि मी दिवस मोजत होते.

गवत निम्म्यावर आले, तेव्हा दादा एका बुधवारी आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तो शर्ट तो फक्त परगावी जाताना घालायचा. आज त्याने कागद वाचला नाही. माझे दार उघडून तो आत, नर्सबाईच्या जागेवर बसला. इतक्या महिन्यांत तो तिथे कधी बसला नव्हता. बराच वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. लिंबाचा वास अजून होता. मला काय ते कळले. मित्रांनो, टाकी काठोकाठ भरलेली होती, पण मला कुठेही जाता येत नव्हते.

मग त्याने एकेक हँडल फिरवून चारही काचा गच्च लावल्या.

"तुझा वास तरी राहू दे गं माझ्याकडे," तो म्हणाला.

मला ओरडून सांगायचे होते, दादा, दारामागचा कागद वाच. पण माझा हॉर्न बॅटरीबरोबर फडताळात पडला होता.

त्यानंतर तो रोज यायचा, पण दार उघडायचा नाही. उघडले की तेवढा वास कमी होईल, ही त्याला धास्ती. बाहेरूनच काचेवर हात फिरवायचा आणि जायचा. पावसाची झड लागली. उरलेले गवत दमट झाले, माझ्या आत कोंडलेली हवाही दमट झाली. काचांना आतून घाम फुटू लागला. मग बुरशी आली. ती सगळ्यात आधी कुठे आली सांगू? स्टिअरिंगवर. जिथे बावीस वर्षे तिचे हात टेकले होते, नेमकी तिथेच. त्या दोन जागा मी जिवापाड जपल्या होत्या.

गवत संपत आले, तेव्हा नर्सबाईची मुलगी मला न्यायला आली. दादा तिची वाटच पाहत होता. "पटकन आत बस आणि दार लावून घे," तो भाचीला म्हणाला. "तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय." ती नर्सबाईच्या जागेवर बसली, तो शेजारी बसला. दोघांनी दारे लावून घेतली. दादाने डोळे मिटून खोल श्वास घेतला.

आत कुबट, कुजका वास होता. दुसरा कोणताच नव्हता.

दादाने पुन्हा श्वास घेतला. मग सीटला नाक लावले. भाचीला सुरुवातीला काही कळेना.

"मामा, काचा बंद का आहेत? आईनं तर दारामागच्या कागदावर उघड्या ठेवायला लिहिलंय."

"लिहिलंय. ती होती तोवर उघड्याच होत्या." दादाने काचेच्या हँडलवर हात ठेवला. "ती गेली त्या दिवशी मी लावल्या. आतला तिचा वास उडून जाईल, म्हणून लावल्या गं. माझ्याच हातानं घालवला मी तो."

भाचीने बाहीने स्टिअरिंग पुसले, आपल्या बाजूची काच खाली केली आणि मामाच्या अंगावरून वाकून त्याच्या बाजूचीही केली. मग दोघेही मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी नळीतला बोळा काढून, बॅटरी बसवून भाचीने किल्ली फिरवली. मी सारा जीव एकवटला. नुसती घरघर झाली. तिने दहादा फिरवली, तरी मी सुरू झाले नाही. नर्सबाईचा शब्द असा माझ्यामुळे खाली पडला. "राहू दे हिला इथेच, मामा," भाची म्हणाली. "तूच सांभाळ."

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी आपली वस्तू विश्वासाने ठेवून गेले, तर ती त्या माणसाने सांगितली तशीच सांभाळा. ते माणूस परत येणार नसले तर जास्तच नीट सांभाळा. प्रेमाने कोंडून ठेवले तरी कोंडणे ते कोंडणेच.

मी अजून कोठारात आहे. नवे गवत छपराला टेकले आहे. दर रविवारी दादा कागद वाचतो, माझ्या काचा लावतो आणि पुन्हा किंचित खाली करतो. मग फटीत आपले बोट घालून बघतो. बोट आत गेले, तर काच जरा वर घेतो आणि थांबतो. ठकीचे बोट याहून किती बारीक होते, ते आठवत उभा राहतो. त्याला नक्की आठवत नाही. मला ती फट अजून नेमकी ठाऊक आहे, पण मला सांगता येत नाही.