गाळलेलं पाणी

"धर्मपाल, तुह्यं इंजिन चालते का नाई, एवढंच सांग!" नत्थुजी धापा टाकत म्हणाले.

मागं बैलगाडीत त्यांची लेक सुभद्रा कण्हत होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. दुसरा दिवस उजाडला तरी सुटका नव्हती, सुईणीनं हात टेकले होते, आणि दवाखाना पूर्णेपलीकडे, अमरावतीला. नदीला पूर. नावाड्यांनी वल्ही कालच काढून ठेवलेली.

"चालते," धर्मपाल म्हणाला. "पन अर्ध्यात तापते."

अमरावतीच्या गॅरेजात पंधरा वर्षं घालवलेला हा माणूस. भंगारातल्या मोटारीचं इंजिन त्यानं नावेत बसवलं, मागं दांड्याला पितळी पंखा लावला आणि रेडिएटर फेकून दिला. खाली अख्खी नदी असताना पाण्याला काय तोटा! तिथंच गडी चुकला. पुरातली पूर्णा म्हणजे काळ्या मातीची नुसती पेज. इंजिनात गाळ बसला आणि दोन्ही चाचण्यांत नाव मधेच वाफ सोडून थांबली. गावाला काय, हसायला निमित्तच हवं! 'वरातीमागून घोडं' म्हणाले. कारण तीन पावसाळ्यांमागं याच काठावर, अशाच गाडीत, धर्मपालची बायको ललिता तापानं गेली होती. तो तेव्हा रडला नाही, नंतरही नाही. आतून पार बधिर झाला होता; हात तेवढे चालत होते.

"जाळी लाव ना बाप्पा एखादी!" नत्थुजी म्हणाले.

"जाळीतून गाळ जाते."

तेवढ्यात त्याची आई, तानुबाई, बोलली, "ललिता कशी गाळे, आठव ना. घागरीवर लुगड्याची दुहेरी घडी."

या खाऱ्या पाण्याच्या मुलखात गावात गोडी विहीर एकच, नत्थुजींची. तिच्या पायरीवर धर्मपालच्या घरच्यांना कधी पाय ठेवू दिला नव्हता. म्हणून ललिता जन्मभर नदीचं पाणी गाळत राहिली. नत्थुजींनी मान खाली घातली.

धर्मपाल घरी गेला आणि पेटीतलं हिरवं लुगडं घेऊन आला. तिचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

इंजिनाशेजारी पिंप ठेवून त्यानं तोंडावर घडी बांधली. इंजिन पिंपातलं पाणी ओढणार, तापलेलं नदीत टाकणार. वरून बादलीनं भरत राहायला माणूस हवा होता.

"मी वततो," नत्थुजी म्हणाले.

नाव सुटली. नत्थुजी बादल्या ओतत होते, पाणी लुगड्यातून झिरपत होतं. घडी गाळानं भरली की धर्मपाल पुढची कोरी घडी ओढून घ्यायचा. नऊवारी लुगडं असं वार-वार सरकत राहिलं. मध्यावर नाव आडवी झाली, इंजिनाचा आवाज जड झाला.

"नत्थुजी, हात चालवा! थांबू नका!"

पलीकडचा काठ लागला तेव्हा पदर तेवढा कोरा राहिला होता.

सुभद्राला काठावरच्या जीपमध्ये चढवून नत्थुजी मागं वळले. "धर्मपाल... उद्यापासून विहिरीवर या तुमी. पानी न्या."

"लेकीले पोचवा आधी," धर्मपाल म्हणाला. "पानी भरनारी गेली माही."

जीप गेल्यावर त्याच काठावर बसून त्यानं पिंपात उरलेल्या गाळलेल्या पाण्यात लुगडं धुतलं. गाळ निघाला, पण कापड जागोजागी विरलं होतं. हातात घेताच फाटायचं. पदर मात्र धड होता. तो वर राहील अशी घडी घालून त्यानं ती मांडीवर ठेवली.

संध्याकाळी जीपवाला परतला. "सुटली सुभद्रा! पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

"बरं झालं."

"मंग चाल ना पलीकडं. आई वाट पाहून राहिली तुही. बादली दे इकडं, मी वततो पानी."

धर्मपालनं पदरावर हात ठेवला.

"नाई," तो म्हणाला. "पूर उतरू दे."